केगपासून ग्लासपर्यंत: ड्राफ्ट बीअर नेमकी कुठे बिघडते?

२००९ साली पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली. त्याआधी आपल्याकडे ड्राफ्ट बीअर म्हणजे एखाद्या मोठ्या कंपनीची फिकट लागर आणि तिचा पिचर, एवढंच समीकरण होतं. आता पुण्यात मुंढवा-बाणेरपासून मुंबईत अंधेरी-लोअर परळपर्यंत नळांच्या रांगा दिसतात आणि फळ्यावर खडूने सहा-आठ बीअरची नावं लिहिलेली असतात. निवड वाढली, दर वाढले, तशा तक्रारीही वाढल्या. आज आंबट लागतेय, नुसता फेस आलाय, गढूळ दिसतेय, पाणी घातलंय की काय. तक्रार करणारा सहसा दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: बनवणाऱ्याला जमत नाही, किंवा बारवाला भेसळ करतो. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतात.

ड्राफ्ट बीअरच्या बिघाडांचा मोठा वाटा केग, म्हणजे बीअरचं स्टीलचं पिंप, बारच्या दारात उतरल्यानंतरचा असतो. शीतखोली, गॅसचा सिलिंडर, नळी, नळ आणि ग्लास या शेवटच्या काही मीटरांत महिनाभराच्या मेहनतीवर पाणी पडतं. यातला जवळजवळ प्रत्येक बिघाड टाळता येतो, आणि बिघाड नेमका कुठे झाला हे गिऱ्हाइकाला नाकाडोळ्यांनी बरंचसं ओळखता येतं. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा नीट मांडायला हवा.

बीअर का बिघडते याचं शास्त्र दीडशे वर्षांचं आहे. १८७१ मध्ये लुई पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड ब्रूअरीत गेला. तिथल्या पोर्टरचं यीस्ट त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्यात यीस्टच्या पेशींखेरीज दुसरेच तंतुमय जीव त्याला दिसले. काही दिवसांनी तो पुन्हा तिथे गेला, तेव्हा ब्रूअरीने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता. १८७६ मध्ये त्याचा बीअरवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. तिथून पुढे कारखान्यातल्या बीअरला शिस्त लागली. बारच्या काउंटरमागे मात्र ही शिस्त फार उशिरा पोचली आणि अनेक ठिकाणी आजही पोचलेली नाही.

सगळ्यांत जास्त तक्रार फेसाची असते, म्हणून आधी तिच्याकडे वळू. साध्या लागरमध्ये दर लिटरमागे सुमारे अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. थंडावा आणि दाब या दोघांच्या जोरावर तो बीअरमध्ये टिकून राहतो. बीअर साडेतीन अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर अकरा-बारा पीएसआय दाबात हा गॅस निमूट विरघळलेला राहतो. तीच बीअर १० अंशांवर गेली की तेवढाच गॅस धरून ठेवायला १८ पीएसआयच्या आसपास दाब लागतो, आणि ३० अंशांवर त्याच्या जवळपास दुप्पट. रेग्युलेटरचा काटा मात्र बारावरच असतो. मग गॅस नळीतच सुटू लागतो आणि नळ उघडला की फेसच फेस.

अशा वेळी काउंटरवरचा मुलगा हमखास दाब कमी करतो. प्रवाह संथ झाल्यामुळे पाच मिनिटं बरं वाटतं. पण दाब उतरला म्हणून आता केगमधल्या बीअरमधूनही गॅस सुटायला लागतो. नळीत आणखी बुडबुडे, ग्लासात आणखी फेस. रात्रभर तसंच राहिलं की दुसऱ्या दिवशीची बीअर मलूल, जिभेला काहीच न जाणवणारी. आज फेसाची तक्रार करणारं टेबल उद्या ‘फ्लॅट आहे’ म्हणून ग्लास परत पाठवतं. याच्या उलट, दाब वाढवून ठेवला तर एक-दोन दिवसांत केग जास्तीचा गॅस ओढून घेतो आणि पुन्हा फेसाचा त्रास सुरू होतो. दाबाला हात लावण्याआधी थर्मामीटर लावायला हवा. तोही पहिल्या ग्लासाला नाही, कारण त्यात नळीत उभी असलेली बीअर येते. एक ग्लास सोडून दुसऱ्याचं तापमान मोजलं तर केगची खरी अवस्था कळते.

केग थंड व्हायला किती वेळ लागतो, याचा अंदाज फार थोड्या लोकांना असतो. दहा अंशांवर पोचलेला मोठा केग शीतखोलीत ठेवल्यापासून साडेतीन अंशांवर यायला साधारण पंचवीस तास घेतो. वरून हात लावला तर पत्रा तासाभरातच थंडगार लागतो, पण आतलं पन्नास लिटर द्रव अजून कोमटच असतं. मे महिन्यात शुक्रवारी दुपारी टेम्पोतून उतरलेला केग त्याच संध्याकाळी नळाला जोडला, तर शनिवार-रविवार फेस उपसण्यातच जातो. फेसात साधारण पाव भाग बीअरच असते. काउंटरखालच्या जाळीत ओतलेला फेस म्हणजे मालकाचे पैसे.

आपल्याकडच्या अनेक छोट्या बारमध्ये शीतखोली नसतेच. केग खोलीच्या तापमानाला उभा असतो आणि काउंटरखालच्या यंत्रात थंड पाण्यात बुडवलेल्या नळीच्या वेटोळ्यातून जाताना बीअर ऐनवेळी गार होते. ग्लास हातात घेतल्यावर सगळं ठीक वाटतं. पण केगमधली बीअर दिवसेंदिवस तीस-बत्तीस अंशांत शिजत असते. या धंद्यात एक ढोबळ आडाखा चालतो: ३२ अंशांत तीन दिवस, २२ अंशांत तीस दिवस किंवा ३ अंशांत तीनशे दिवस, बीअरचं वय तिन्हीकडे सारखंच वाढतं. हे गणित काटेकोर नाही, पण दिशा अचूक आहे. उष्णतेने बीअर शिळी होते. तिच्यातला हॉप्सचा, म्हणजे तिला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, ताजेपणा आधी जातो, मग भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा जुन्या कागदाचा वास येऊ लागतो. हा वास ट्रान्स-टू-नोनेनाल या संयुगाचा. बाटलीबंद बीअर गोदामात उन्हाळाभर पडून राहिली तरी तोच येतो. पाश्चराइज न केलेल्या बीअरचं, म्हणजे मायक्रोब्रूअरीतून आलेल्या बहुतेक केगचं, आयुष्य थंडीतसुद्धा सहा ते आठ आठवड्यांचं असतं. ती बीअर महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात शीतखोलीशिवाय ठेवणं म्हणजे बनवणाऱ्याच्या मेहनतीची माती करणं.

नळीच्या लांबीचंही एक गणित आहे. केगमधला दाब बीअरला पुढे ढकलतो. नळीचं घर्षण आणि चढ तिला मागे धरतात. ही दोन्ही बळं जुळली तर नळातून बीअर संथ, सलग येते. नळी फार आखूड किंवा फार रुंद असेल तर ती जोरात आदळते आणि फेसाळते. फार लांब असेल तर रेंगाळते. बार तळमजल्यावर आणि केग तळघरात असेल तर चढाच्या प्रत्येक फुटाला जवळपास अर्धा पीएसआय खर्ची पडतो. समुद्रसपाटीपासूनची उंचीही यात मोजावी लागते. रेग्युलेटर बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजतो, आणि उंचावर हवाच विरळ असते. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून मुंबईत बरोबर बसलेला काटा पुण्यात एखाद्या पीएसआयने वर ठेवावा लागतो. फरक लहान आहे, पण सगळीकडे एकच आकडा ठोकून देणाऱ्यांसाठी तो सांगायला हवा.

गॅस कोणता, यानेही फरक पडतो. काळी, साईसारख्या फेसाची स्टाउट नायट्रोजनवर चालते. गिनेसमध्ये मायकल अॅश या गणितज्ञाने ही पद्धत बसवली आणि १९५९ मध्ये ती बाजारात आली. या मिश्रणात साधारण तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असतो. नायट्रोजन बीअरमध्ये फारसा विरघळत नाही, म्हणून बुडबुडे बारीक आणि फेस दाट. ग्लासच्या कडेने बुडबुडे खाली जाताना दिसतात तेही खरंच तसं घडतं: मधला प्रवाह वर जातो आणि कडेचा खाली येताना बुडबुड्यांना सोबत नेतो. पण हेच मिश्रण चुकून लागरच्या केगला लावलं तर चार-सहा दिवसांत ती लागर मलूल होते. निव्वळ कार्बन डायऑक्साइडवर लावलेली स्टाउट उलट फसफसते आणि जिभेला टोचते. ‘इथली स्टाउट पूर्वीसारखी लागत नाही’ असं वाटलं तर मागे सिलिंडर कोणता जोडलाय ते विचारावं.

आता नळीच्या आतल्या स्वच्छतेकडे येऊ. माझ्या लेखी सगळ्या बिघाडांत सर्वांत मोठा आणि सर्वांत अक्षम्य बिघाड हाच. बीअर म्हणजे थोडी उरलेली साखर, प्रथिनं आणि यीस्ट असलेला द्रव. तो दिवसरात्र नळीत उभा असतो. काही दिवसांतच नळीच्या आतल्या भिंतीवर, न घासलेल्या माठात धरतो तसा बुळबुळीत थर धरतो. त्यात यीस्ट, बुरशी आणि लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस यांसारखे जिवाणू घर करतात. खालच्या बाजूला कॅल्शियम ऑक्झलेटचा कडक, पिवळट खडा जमतो. या धंद्यात त्याला बीअरस्टोन म्हणतात. खड्याच्या खडबडीत पृष्ठभागावर जिवाणूंना आणखी आसरा मिळतो आणि गॅसच्या बुडबुड्यांना सुटायला जागा मिळते. म्हणजे अस्वच्छ नळी बीअरची चवही बिघडवते आणि तिला फेसाळवतेही.

जिभेला हे कसं कळतं? पेडिओकॉकसमुळे डायअॅसिटिल तयार होतं. त्याची चव थिएटरमधल्या बटर पॉपकॉर्नची, आणि तोंडात एक तुपकट, निसरडा थर राहतो. लॅक्टोबॅसिलसने ताकाकडे झुकणारी आंबट चव येते. हवा लागेल अशा जागी, म्हणजे नळाच्या तोंडाशी, अॅसिटिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढतात आणि बीअर सिरक्यासारखी होते. हे जिवाणू वाहून आणतात चिलटं. पावसाळ्यात काउंटरवर चिलटं घोंघावत असतील आणि नळांची तोंडं उघडी असतील, तर त्या बारमध्ये माझा पहिला प्रश्न नळांबद्दलच असतो.

सफाईची पद्धत ठरलेली आहे. अमेरिकेत ब्रूअरीजच्या संघटनेची नियमपुस्तिका दर चौदा दिवसांनी सफाई करायला सांगते. ब्रिटनमधल्या पबांत दर सात दिवसांचा रिवाज आहे. दोन-तीन टक्के तीव्रतेचं कॉस्टिकचं कोमट द्रावण नळीतून पंपाने किमान पंधरा मिनिटं फिरवायचं, मग पाण्याने खळखळून धुवायचं. तीन महिन्यांतून एकदा आम्लाचं द्रावण फिरवायचं, कारण बीअरस्टोन कॉस्टिकने निघत नाही. दर वेळी नळ आणि केगवरचा कपलर खोलून, ब्रशने घासून परत बसवायचे. ‘रोज पाणी मारतो’ हे उत्तर मी अनेक ठिकाणी ऐकलंय. नुसत्या पाण्याने तो थर हलतसुद्धा नाही.

सफाई खरी झाली की नुसती वहीत लिहिली, हे पाहायचं असेल तर नळ खोलावा. साध्या पद्धतीच्या नळात झडप मागच्या बाजूला असते, त्यामुळे नळ बंद केल्यावरही पुढच्या नळकांड्यात बीअरचा ओलावा आणि हवा दोन्ही राहतात. रबरी वॉशरच्या खाचेत आणि दांड्याच्या सांध्यात करड्या-काळ्या रंगाचा चिकट लगदा सापडतो. नखाने खरवडला तर सुटून येतो आणि वास आंबटसर, कुबट येतो. प्रत्येक ग्लास या लगद्यावरून वाहून आलेला असतो. नळाचं टोक ग्लासातल्या बीअरमध्ये बुडवून ओतायची सवय असेल तर बाहेरूनही तोच थर धरतो, आणि एका ग्लासातली घाण पुढच्या ग्लासात जाते.

नळीत किती बीअर उभी राहते, याचाही हिशोब करून पाहण्यासारखा आहे. आतला व्यास साडेनऊ मिलिमीटर आणि लांबी पाच मीटर असेल, तर नळीत साधारण साडेतीनशे मिलिलिटर बीअर मावते. म्हणजे एक अख्खा ग्लास. आपल्याकडे निवडणुका आणि सणवार मिळून ड्राय डे बरेच. सलग दोन-तीन दिवस विक्री बंद राहिली की ती साडेतीनशे मिलिलिटर बीअर नळीतच शिळी होते. चौथ्या दिवशी दुपारी येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला ती देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. चांगला बार ती ओतून टाकतो.

सफाईच्या द्रावणाबद्दल एक गंभीर गोष्ट. कॉस्टिक नीट धुतलं गेलं नाही आणि ग्लासात आलं तर तोंड आणि घसा भाजतो. ब्रिटनमध्ये अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. घोट घेताच साबणासारखा निसरडेपणा किंवा आग जाणवली तर गिळू नये, थुंकून टाकावं, पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि डॉक्टरकडे जावं. सफाईनंतर पाण्याचा पीएच कागदाने तपासायला मिनिट लागत नाही. ते न करणाऱ्या बारला नळ चालवायचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

नळापुढची शेवटची पायरी ग्लास. तोंडातल्या खाऱ्या शेंगदाण्यांचं तेल, चकलीचा तेलकट हात, लिपस्टिक, भांडी घासायच्या साबणाचा राहिलेला थर यांपैकी काहीही फेसाचा शत्रू. फेस उभा राहतो तो माल्टमधली प्रथिनं आणि हॉप्समधली कडू आम्लं यांच्या जाळ्यावर. तेलाचा अंश लागला की ते जाळं तुटतं आणि दोन मिनिटांत फेस नाहीसा होतो. गिऱ्हाईक मग ‘बीअर फ्लॅट आहे’ म्हणतं, पण दोष बहुधा ग्लासाचा असतो. बीअर ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे ठिपक्यांसारखे चिकटून बसलेले दिसले, तर तिथे घाण आहे असं समजावं. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर फेसाची एक कडी मागे राहते आणि ग्लास रिकामा होईपर्यंत आतून जाळीदार वर्तुळं उमटत जातात. बारवाल्यांसाठी सोपी कसोटी अशी: ग्लास आतून ओला करावा आणि त्यावर मीठ भुरभुरावं. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे चिकटत नाही तिथे तेल आहे. लस्सी, मिल्कशेक आणि बीअरचे ग्लास एकाच ब्रशने धुणं थांबवलं तरी अर्धं काम होतं.

बर्फ धरलेल्या ग्लासाचं आपल्याकडे फार कौतुक आहे. दिसायला छान, पण काचेवरचे बर्फाचे कण गॅस सोडवतात, म्हणून फेस वाढतो. ते विरघळून बीअर पातळ होते, आणि शून्याजवळच्या थंडीत चव कळतच नाही. मोठ्या प्लास्टिकच्या टॉवरबद्दलही माझं तेच म्हणणं आहे. तीन लिटर बीअर टेबलावर तासभर उभी राहिली की खालच्या नळातून येणारा शेवटचा ग्लास कोमट आणि गॅस उडालेला असणारच. चार मित्रांनी चार ग्लास वेळेवर मागवावेत, हे उत्तम.

इथवर बारचा दोष झाला. आता बनवणाऱ्याकडे येऊ, कारण तोही नेहमी निर्दोष नसतो. मायक्रोब्रूअरीत टाक्या मोजक्या, शनिवार-रविवारची मागणी मोठी. बीअर पक्व होण्याआधीच नळाला लागते. यीस्टने डायअॅसिटिल शोषून घेण्याआधी बीअर थंड केली तर ते तसंच राहतं. कच्च्या सफरचंदाचा वास आला तर तो अॅसिटाल्डिहाइडचा, म्हणजे आंबवण पुरतं झालेलं नाही. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथिल सल्फाइडचा. वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचा माल्टचा गोड रस, जोरात उकळून त्याची वाफ बाहेर जाऊ दिली नाही की तो राहतो. दवाखान्यातल्या औषधासारखा वास हा क्लोरोफिनॉलचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरीनयुक्त सफाईद्रव्य बीअरमध्ये गेलं की तो तयार होतो, आणि अगदी अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो. लागरला चार-सहा आठवडे लागतात. तेवढी सबुरी ज्याच्याकडे नाही त्याने लागर फळ्यावर लिहू नये.

मग बिघाड बारचा की बनवणाऱ्याचा, हे ओळखायचं कसं? एकाच बारमधल्या दोन-तीन वेगवेगळ्या बीअरना सारखाच आंबट किंवा तुपकट पदर असेल, तर नळ्या अस्वच्छ आहेत. तीच एक बीअर दोन वेगळ्या बारमध्ये सारखीच चुकीची लागली, तर दोष बनवण्यात. फक्त पहिला ग्लास वाईट आणि दुसरा चांगला, तर नळीतली शिळी बीअर आलीय. टेबलावर एकट्या तुमच्याच ग्लासचा फेस बसला, तर ग्लास तेलकट. या चार निरीक्षणांत बहुतेक प्रकरणांचा निकाल लागतो.

काही गोष्टी मुळात दोषच नसतात, पण त्यांच्यापायी बिचाऱ्या बीअरची बदनामी होते. जर्मन पद्धतीची हेफेवाइझन गढूळच असते आणि तिला पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा वास येतो. दोन्ही वास तिच्या यीस्टचे. बेल्जियन विटबीअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात. बर्लिनर वायसे मुद्दाम आंबट बनवलेली असते. गाळून न घेतलेली बीअर पारदर्शक नसते, आणि थंडीत प्रथिनं व टॅनिन एकत्र येऊन धूसरपणा येतो, तो गरम झाल्यावर जातो. लंडनला गेलेले आपले लोक पबातल्या कास्क एलला, म्हणजे कास्क या पिंपातूनच थेट दिल्या जाणाऱ्या एलला, ‘गरम बीअर’ म्हणतात. ती अकरा ते तेरा अंशांवर द्यायची असते आणि तिच्यात गॅस कमीच असतो. ही परंपरा टिकावी म्हणून तिथे १९७१ मध्ये कॅमरा ही संघटना उभी राहिली. उलट कास्क उघडल्यावर त्यात हवा शिरते, म्हणून तीन दिवसांनंतरची कास्क एल आंबट झाली असेल तर ती बेलाशक परत करावी. चेक प्रजासत्ताकात तर ‘म्लीको’ नावाने जवळपास सगळा फेसच असलेला ग्लास मागवून पितात. दोन बोटं जाडीचा फेस पाहून कमी बीअर दिली म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: फेसातूनच हॉप्सचा वास नाकाशी येतो.

उन्हाबद्दल मात्र गोव्याकडे जाणाऱ्यांना सांगायलाच हवं. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर सूर्यप्रकाश पडला की जळक्या रबरासारखा गंधकी वास तयार होतो. केग स्टीलचा, त्यामुळे आतली ड्राफ्ट बीअर यातून वाचलेली असते. पण किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये थेट उन्हात ठेवलेल्या ग्लासात काही मिनिटांतच हा वास येऊ शकतो. तिथे शॅकवाल्याचा काही दोष नाही. ग्लास सावलीत ओढावा.

शेवटी भीतीबद्दल. बिघडलेल्या बीअरने सहसा कोणी आजारी पडत नाही. अल्कोहोल, हॉप्सची आम्लं, चार ते साडेचारच्या आसपासचा पीएच आणि ऑक्सिजनचा अभाव यांमुळे रोगजंतूंना तिच्यात जगता येत नाही. चव बिघडवणारे जिवाणू निराळे, आजार देणारे निराळे. आपल्याकडे एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: बीअरमध्ये ग्लिसरीन घालतात, त्यानेच दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, आणि बाटली पाण्याच्या ग्लासात उपडी धरली की ते ‘उतरताना’ दिसतं. ग्लिसरॉल आंबवणातच थोडंसं तयार होतं, वरून घालावं लागत नाही. पाण्यात उतरताना दिसतो तो बीअर आणि पाणी यांच्या घनतेतला फरक. बीअर किंचित जड असते. दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी बहुतेक वेळा किती प्यालो आणि पाणी किती प्यालो यावर ठरते.

बारमालकांना माझी विनंती एवढीच: काउंटरवर दिसेल अशा जागी एक छोटी पाटी लावा आणि तिच्यावर नळ्यांची शेवटची सफाई कोणत्या तारखेला झाली ते रोज दिसू द्या. खर्च नाही, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो. पिणाऱ्यांनीही भिडस्तपणा सोडावा. चुकीची लागलेली बीअर शांतपणे परत करावी. कोणता वास येतोय, फेस कसा आहे ते नेमकं सांगावं, कारण नेमक्या तक्रारीने बारचा माणूस शिकतो. आणि बसण्याआधी एक प्रश्न विचारावा: नळ्या शेवटच्या कधी धुतल्या? उत्तरात गेल्या दोन आठवड्यांतली तारीख आली तर ड्राफ्ट मागवा. तारीख सांगता आली नाही तर बाटली मागवा.